सात वाजून चार मिनिटांचा अंगठा

मंगळवारी सकाळी सात वाजून चार मिनिटांनी मी आत्याच्या लेखाला अंगठा दिला. अंगठा म्हणजे फोनवर लेखाखाली असतो तो, आवडलं म्हणून दाबायचा. बुधवारी सात वाजून चार मिनिटांनी पुन्हा दिला. गुरुवारी दूध उतू गेलं म्हणून जरा उशीर झाला, सात नऊ. तिन्ही अंगठे अजून तिथेच आहेत, वेळेसकट. पुसून टाकावेत असं एकदा मनात आलं होतं, ते कबूल करते.

त्या तिन्ही सकाळी आत्या तिच्या स्वयंपाकघरात फरशीवर पडलेली होती. खुबा मोडलेला, फोन फ्रिजवर, दाराला कुलूप. आणि तिचा लेख मात्र रोज सातच्या ठोक्याला येत होता, हसतखेळत, 'काल दुकानात' अशी सुरुवात करून. बरेच महिने झाले या गोष्टीला.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय चौसष्ट, धंदा चाव्यांचा. आजोबांचं दुकान खरं तर बाबांनी चालवायचं, पण बाबांना कानशीचा आवाज सहन व्हायचा नाही, दात आंबायचे त्यांचे. आत्या लहानपणापासून त्याच आवाजात अभ्यास करायची आणि त्याच आवाजात झोपायची. तेव्हा दुकान तिच्याकडे आलं. सुरुवातीला लोक डोकावून विचारायचे, "चावीवाले कुठे गेलेत?" ती मान वर न करता म्हणायची, "समोर बसलेत. बोला."

दुकान जिन्याखालचं. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं. भिंतभर खिळ्यांना कोऱ्या चाव्या, मधोमध चावी कापायचं मशीन, आणि ओळीने मांडलेल्या कानशी. कुणी त्यातली एक उचलून दुसऱ्या जागी ठेवली तर आत्याला लगेच कळायचं आणि त्या माणसाची काही धडगत नसायची. तोंडाची फटकळच ती. तिसऱ्यांदा चावी हरवून आलेल्या माणसाला तिने विचारलं होतं, "तुम्ही दार लावता कशाला? उघडंच ठेवा की." तो माणूस चौथ्यांदाही तिच्याकडेच आला.

ती एकटी राहायची, दुकानापासून पंधरा मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर. घराचं कुलूप तिने स्वतः बनवलेलं, सात लिव्हरचं. रात्री आतून लावून चावी ओट्यावर ठेवायची. त्या कुलपाची चावी एकच. साऱ्या वस्तीला जास्तीच्या चाव्या पाडून देणारी बाई आणि तिच्या घराची दुसरी चावी कुणाकडे नाही! "तुला हवी असेल तेव्हा माग, दहा मिनिटांचं काम आहे," असं मला म्हणाली होती. मी कधी मागितली नाही. मागायचं राहून गेलं, एवढंच.

लिहायला ती लागली ती एका खोक्यामुळे. दुकानात एक पत्र्याचं खोकं होतं, त्यात न नेलेल्या चाव्या. लोक चावी टाकून जातात, "संध्याकाळी नेतो" म्हणतात आणि परत येतच नाहीत. आजोबांच्या काळापासूनच्या अशा शेकडो चाव्या साठल्या होत्या. एक दिवस खोकं गंजून तळातून फुटलं आणि सगळ्या चाव्या तिच्या पायावर पडल्या. त्या गोळा करताना तिला म्हणे काही चाव्यांची माणसं आठवली. तिने त्यातल्या एकीवर पानभर लिहिलं आणि मला दाखवायला आणलं. मी कामावर निघाले होते. म्हटलं, "आत्या, फोनवर टाक ना, म्हणजे सगळ्यांनाच वाचता येईल." तिला पान उघडून दिलं, कसं टाकायचं ते दाखवलं आणि सुटले. तिने आणलेला कागद मी वाचला का? नाही. घाईत होते.

त्या दिवसापासून तीन वर्षं दोन महिने आत्याने एक दिवस चुकवला नाही. तिचे नियम होते. सकाळचा चहा लिहून झाल्यावरच. एका दिवशी एकच चावी. कुणाची चावी ते कधीही सांगायचं नाही, कारण चावीवाल्याने तोंड उघडलं तर धंदा बसला. लेख पानभरच, आणि सुरुवात 'काल' या शब्दाने. "आज लिहिताना आजचं काय कळतं माणसाला? कालचं जरा थंड झालेलं असतं, हातात धरता येतं," असं ती सांगायची. लेख टाकला की पितळेच्या एका पट्टीवर कानशीने एक खाच पाडायची. शंभर खाचा झाल्या की नवी पट्टी. अकरा पट्ट्या भरून बाराव्या पट्टीवर काम चाललं होतं. मी गंमत करायचे, "आत्या, तुरुंगातली माणसं असे दिवस मोजतात." ती म्हणायची, "त्यांना सुटायचं असतं. मला नाही."

वाचक वाढत वाढत तीनशेच्या वर गेले. रोज चाळीस-पन्नास अंगठे पडायचे. मध्ये एकदा तिला ताप आला. एकशे दोन ताप आणि ही उठून बसलेली, कारण साखळी तुटेल. मला राग आला. मी म्हटलं, "अगं, आधीच चार लिहून ठेवता येतात. वेळ लावून ठेवायची, सात म्हटलं की सातला आपोआप जातात." आणि तिच्या फोनवर ते कसं करायचं ते मीच शिकवलं. ही सोय मी शिकवली, हे वाक्य मी नंतर किती वेळा स्वतःशी म्हटलं असेल त्याला गणती नाही.

आत्याला ते भलतंच आवडलं. त्याला ती 'बरणी' म्हणायची. रविवारी बसून तीन-चार लेख लिहायची आणि बरणीत टाकायची. पुढे पुढे तर ताजा लेख आधी बरणीत आणि जुना बाहेर, असं चालायचं. त्या लेखांचीही सुरुवात 'काल'नेच. मी एकदा टोकलं, "हे 'काल' खोटं झालं ना गं?" ती म्हणाली, "कुठला तरी काल होताच की तो." दोघी हसलो.

आता माझं. मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर लोकांना समोरची ओळ वाचायला लावते, मग हातात छोटा कागद देऊन जवळचं वाचायला लावते. अशी मी, आणि आत्याचा एकही लेख मी वाचला नव्हता. शप्पथ सांगते, एकही नाही. सुरुवातीला वेळ नव्हता, मग इतके साठले की कुठून सुरू करावं कळेना, मग लाज वाटायला लागली. पण सात वाजून चार मिनिटांनी, गॅसवर दूध ठेवलं की मी फोन उघडायचे आणि अंगठा द्यायचे. तो अंगठा म्हणजे आमची हजेरी झाली होती. लेख आला म्हणजे आत्या ठीक आहे. मग फोन करायचा कशाला? पूर्वी रोज करायचे, मग आठवड्यातून एकदा, मग कधीतरी. रोज सकाळी भेटल्यासारखंच वाटायचं मला.

गुरुवारी सकाळी साडेनऊला दुकानात माझा फोन वाजला. आत्याच्या दुकानासमोर बूट दुरुस्त करणारे काका बसतात, ते होते. सत्तरीचे, काठी टेकत चालणारे. आत्याच्या शटरवर अडीनडीला म्हणून माझा नंबर रंगवलेला आहे, तो कागदावर उतरवून घेऊन त्यांनी लावला होता.

"ताई, चावीवाल्या बाई तुमच्याकडे आल्यात का?"

"नाही हो. का?"

"मंगळवारपासून शटर वर गेलं नाही."

मी हसले. खरंच हसले मी. म्हटलं, "छे हो काका, सकाळीच लेख आलाय तिचा. मी अंगठाही दिलाय."

काका म्हणाले, "लेख वाचलात तुम्ही?"

माझ्या हातात गिऱ्हाइकाचा चष्मा होता.

"त्यात लिहिलंय, काल दुकानात एक मास्तर आले, कपाटाची चावी घेऊन. ताई, काल दुकान बंद होतं. मी समोरच होतो दिवसभर. कालच्या लेखातही असंच. आधी वाटलं, कुठे गावाला गेल्या असतील. पण बाई खोटं लिहीत नाहीत हो. मी आता त्यांच्या दारात उभा आहे. वाजवतोय, कुणी उघडत नाही."

चष्मा मी गिऱ्हाइकाच्या हातात दिला की काउंटरवर टाकला, मला आठवत नाही. मी पळत सुटले एवढं आठवतं.

मी पोचले तेव्हा काकांनी बाजारातल्या एका कुलूपवाल्याला बोलावून आणलं होतं. तो घामाघूम झाला होता. दुसरा आला. दोघांनी मिळून तारा घातल्या, ठोकलं, पिळलं. आत्याचं कुलूप ते, दोघांनाही दाद देईना. मी दारावर दोन्ही हातांनी बडवत होते. खालच्या मजल्यावर शिवणकामाचा कारखाना, बारा मशीनची घरघर चाललेली. काका खाली गेले आणि मशीन बंद करायला लावली. सगळं एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत दाराच्या आतून, खूप लांबून आल्यासारखा, आत्याचा आवाज आला.

"उलटं फिरवतोय तो. कुणी शिकवलं त्याला?"

रडू आलं, हसू आलं, काय आलं ते सांगता येत नाही. शेवटी सुतार आला आणि त्याने बिजागऱ्यांच्या बाजूने दारच उतरवलं. कुलूप शेवटपर्यंत उघडलं नाही.

ती ओट्याजवळ कुशीवर पडली होती. ओठ पांढरे, डोळे खोल गेलेले. मंगळवारी पहाटे उठली, चक्कर आली, पडली. सरकता येत होतं ते हातभर. सिंकखालचा नळाचा जोड महिनाभर गळत होता आणि त्याखाली तिने वाटी ठेवली होती. प्लंबर आणायचं मी कबूल केलं होतं आणि नेहमीप्रमाणे विसरले होते. त्या वाटीतल्या पाण्यावर ती अडीच दिवस जगली. डॉक्टर म्हणाले, पाणी मिळालं नसतं तर कठीण होतं. माझ्या आळसाने तिला मारलंही असतं आणि माझ्याच आळसाने तिला वाचवलं, असं हे सगळं आहे.

स्ट्रेचरवर घेताना तिने माझा हात धरला आणि विचारलं, "आजचा आला का?"

"काय?"

"लेख गं. सातला गेला का?"

"गेला," मी म्हटलं.

तिने डोळे मिटले.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. बरणीत अजून सात लेख होते. रोज सकाळी सातला, वॉर्डात नर्सची गडबड चाललेली असताना, एक लेख निघायचा आणि आत्याच्या उशाशी ठेवलेला फोन टिंग टिंग वाजायला लागायचा. मला ते ऐकवेना. मी म्हटलं, "बंद करते सगळं." ती म्हणाली, "राहू दे. मला सवय झालीय ऐकायची."

मग तिने सांगितलं. अगदी साध्या आवाजात, गिऱ्हाइकाला चावी कधी मिळेल ते सांगावं तसं. "फोन फ्रिजवर होता, चार्जरला. हात पोचत नव्हता. सातला लेख गेला की टिंग टिंग सुरू व्हायचं. मी मोजायची. मंगळवारी एकेचाळीस. बुधवारी सत्तेचाळीस. मनात म्हणायची, एवढी माणसं आत्ता माझ्याकडे बघतायत, त्यातलं एक तरी येईल. तुझी टिंग वेगळी आहे ना, तूच लावून दिलेली, घंटीसारखी. ती आली की मी म्हणायची, चला, पोरगी उठली, कामाला निघाली, ठीक आहे. तेवढंच बरं वाटायचं."

मी तिच्या लेखावरून ती ठीक आहे म्हणत होते आणि ती फरशीवर पडून माझ्या अंगठ्यावरून मी ठीक आहे म्हणत होती.

चौथ्या दिवशी तिला उशीला टेकून बसवलं. पेज पिता पिता तिने सहज विचारलं, "तो जिन्याच्या चावीचा लेख कसा वाटला गं तुला? मागच्या महिन्यातला."

"छान होता," मी म्हटलं. "खूपच छान."

आत्याने चमचा ताटलीत ठेवला. "जिन्याला चावी असते का?"

असा लेखच नव्हता. आयुष्यभर कुलपात तार घालून आतलं चाचपणारी बाई ती, तिने माझ्यातही तार घातली होती. मी काही बोलायच्या आत तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी बाहेर बाकावर जाऊन बसले आणि पहिल्या लेखापासून वाचायला लागले. दोन दिवस वाचत होते. घरी गेले नाही, कामावर गेले नाही. काय लिहिलं होतं तिने! एका माणसाने बायको गेल्यावर घराची तिची चावी वितळवायला आणली होती आणि आत्याने ती वितळवली नाही, दुसरीच कसली तरी वितळवून त्याला दाखवली. एका मुलीने बाहेरगावी जाताना आईच्या घराची चावी पाडायला टाकली आणि ती न नेताच गेली. मी त्यात गुंतत गेले, आणि तशीच चार महिन्यांपूर्वीच्या एका लेखापाशी आले.

'काल दुकानात कुणी आलं नाही, म्हणून आज चावीवर नाही लिहीत,' असं होतं. 'हल्ली सकाळी उठलं की चक्कर येते. भिंत धरून उभं राहावं लागतं. भाचीला फोनवर सांगितलं तर ती घाबरून ओरडेल आणि मला ओरडून घ्यायचा कंटाळा आहे. म्हणून इथे लिहिते. ती रोज सकाळी वाचते. वाचून येईलच.'

खाली बूटवाल्या काकांचं एक वाक्य होतं, 'डॉक्टरकडे जायचं तर मी सोबत येतो.' आणि त्याच्या वर, सात वाजून चार मिनिटांनी, माझा अंगठा.

मी तो लेख घेऊन आत गेले. आत्या जागी होती. मी फोन तिच्यासमोर धरला.

"हो," ती म्हणाली. "तू आवडलं म्हणालीस. मी दोन दिवस वाट पाहिली. मग म्हटलं, कामात असेल."

"आत्या, मी वाचलाच नव्हता गं. मी एकही वाचला नव्हता."

"ते कळलं मला परवा. त्यासाठीच विचारलं." तिने माझ्या हातातला फोन बाजूला केला. "चार महिने मी धरून चालले होते की तू वाचलंस आणि आली नाहीस. आता कळतंय, वाचलंच नाहीस. यातलं बरं कुठलं, तूच सांग."



त्या आठवड्यात तिने पट्टी आणि कानस मागवून घेतली. पलंगावर चादरीखाली पितळेचा कीस सांडला म्हणून नर्सने आरडाओरडा केला. मला वाटलं, राहिलेल्या खाचा पाडतेय. पण सोमवारपर्यंतच्या खाचांनंतर तिने तीन बोटं रुंद जागा कोरी सोडली होती आणि पुढे एक उभी रेघ मारली होती. "बरणीने टाकलेल्या लेखांची खाच नाही," ती म्हणाली. "मी पडलेली आणि ते म्हणतायत काल दुकानात अमुक आले. शरम वाटली मला. त्यांनाच खोटं पाडायला म्हाताऱ्याला काठी टेकत जिना चढावा लागला." साखळी तुटली होती. जिच्यासाठी ती तापात उठून बसायची, ती तिने स्वतःच्या हाताने तुटली म्हणून मांडली, आणि मला रडायलाही सवड दिली नाही. म्हणाली, "लिही. मी सांगते तसं."

ती सांगत होती आणि मी फोनवर लिहीत होते. बरणी आदल्या दिवशी संपली होती.

'काल,' तिने सांगितलं, 'माझ्या भाचीने कबूल केलं की तिने माझा एकही लेख वाचला नव्हता.'

माझं बोट थांबलं. "आत्या..."

"लिही."

मी लिहिलं. 'तीन वर्षं मी ज्या एका वाचकासाठी लिहीत होते ती वाचत नव्हती. मागच्या मंगळवारी मी पडले आणि अडीच दिवस फरशीवर होते. त्या दिवसांचे लेख आधी लिहून ठेवलेले होते. त्यात काल म्हटलंय ते खरं नव्हतं. तुम्ही अंगठे दिलेत, ते मी खाली पडून ऐकले. रोज वेळेवर लिहिलं म्हणजे आपण लोकांच्या समोर असतो, असं मला वाटायचं. तसं नसतं. लिहिलेलं समोर असतं, आपण कुठेही असू शकतो. यापुढे साठवून ठेवणार नाही. जेव्हा लिहीन तेव्हाच येईल. आणि नाही आलं, तर तुमच्यापैकी जो जवळ असेल त्याने दार वाजवावं.'

"आता पाठव," ती म्हणाली. "तुझ्या हाताने."

माझ्या हाताने पाठवला. सात वाजले. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. फोन वाजला नाही. त्या लेखाला कुणी अंगठा दिला नाही. कुणाला सुचलंच नसणार काय करावं. मी तो लेख तिला पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचून दाखवला. तिने मध्येच थांबवून दोन ठिकाणी माझा उच्चार सुधारला.

तीन महिन्यांनी ती घरी चालायला लागली, वॉकर घेऊन. नवं दार बसवलं, कुलूप तेच. पण दुसरी चावी तिने पहिल्याच दिवशी बसून केली, दहा मिनिटं सांगून दोन तास लावले, आणि माझ्या गळ्यात दोरीने अडकवली. "हरवलीस तर तुलाही बाहेर ठेवीन," म्हणाली. रोज सकाळी लेख यायचा, मी वाचायचे आणि फोन करायचे. ती परीक्षा घ्यायची. "चावीचे दात किती होते?" "तीन." "आणि?" "एक अर्धा तुटलेला." "बरं. ठेव आता."

मग एका बुधवारी सात वाजले आणि लेख आला नाही.

सात दोन झाले. सात चार. मी फोन केला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. मला पुढचं नीट आठवत नाही. गॅस बंद केला होता का, तेही परत येऊन बघावं लागलं. एका पायात माझी चप्पल आणि दुसऱ्या पायात कुणाची तरी, अशी मी धावत सुटले. जिने चढताना गळ्यातली चावी छातीवर आपटत होती. कुलपात घालायला गेले तर दोनदा हुकली. तिसऱ्यांदा बसली आणि दार उघडलं.

आत्या टेबलाशी बसली होती. समोर कोरा कागद, हातात पेन, चष्मा कपाळावर.

"काही सुचलं नाही आज," ती म्हणाली.

"फोन का नाही उचललास?"

"फ्रिजवर आहे. उठून जाईपर्यंत थांबला."

मी तिथेच खाली फरशीवर बसले, ती पडली होती त्याच जागी, आणि तिला काय वाटेल ते बोलले. जीव घेशील एक दिवस, एवढं तरी लिहायचं की आज सुचलं नाही, तुला काही वाटतं का. ओक्साबोक्शी रडत बोलत होते.

तेवढ्यात फ्रिजवर टिंग झालं.

मी उठून फोन आणला. बूटवाले काका होते. 'आज लेख नाही. निघालोय.' मी वाचून दाखवत होते तोवर दुसरी टिंग. कुणी अनोळखी बाई, 'ताई, बऱ्या आहात ना?' मग तिसरी. मग एकदम चार-पाच. कुणी पत्ता विचारत होतं, कुणी म्हणत होतं मी जवळच आहे, येऊ का. मी वाचत होते आणि टिंग थांबेना. आत्याने पेन खाली ठेवलं आणि मान खाली घालून बोटांवर मोजायला लागली. तिशीपर्यंत मोजलं आणि पुढचं तिला मोजता आलं नाही, कारण तिचे डोळे भरून आले होते. तिला रडताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"दार उघडं आहे का?" तिने विचारलं.

"हो, तसंच राहिलंय."

"राहू दे," ती म्हणाली.

खाली जिन्यात काठीचा आवाज यायला लागला होता.